निर्लेप कर्म आणि काळे तेल

लेप, लिंपणे, लिप्त, अलिप्त, निर्लेप हे सगळे शब्द संस्कृतातल्या ‘लिप्’ या एकाच धातूचे आहेत. लिप् म्हणजे माखणे, चिकटून राहणे. संसारात राहून अलिप्त असलेल्या माणसाबद्दल बोलताना हा मूळ अर्थ सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण ज्यांनी हा शब्द तत्त्वज्ञानात आणला, त्यांच्या डोळ्यांसमोर तेल, तूप, चिखल असे अंगाला चिकटणारे पदार्थच होते. औरंगाबादच्या एका कारखान्याने न चिकटणाऱ्या तव्यांना ‘निर्लेप’ हे नाव दिले, तेव्हा उपनिषदांच्या परंपरेतला हा शब्द स्वयंपाकघरात आला आणि आपल्या मूळ अर्थाला परत भेटला.

तत्त्वज्ञानातला प्रश्न असा आहे: काम करणारा माणूस त्या कामाने माखतो का? माखत असेल तर कशामुळे? आणि न माखता काम करता येते का? ज्या कामात खरोखरच काही सांडते, चिकटते आणि पसरते, अशा कामावर हा प्रश्न घासून पाहता येतो. मोटारीचा ऑइल फिल्टर पसारा न करता बदलणे हे असेच एक काम आहे.

हा प्रश्न पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या निमित्ताने विचारायला कारणही आहे. मुंबई–गोवा महामार्ग पेण, वडखळ, नागोठणे करत कोलाडला येतो आणि तिथून रोह्याचा रस्ता फुटतो. या वाटेवर गॅरेजे जागोजाग आहेत. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले आणि रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले. दोघांनी गीता हाच आपल्या विचाराचा आधार मानला आणि दोघांनी हाताने केलेल्या कामाला उपासनेच्या जागी बसवले.

लेप कशामुळे बसतो

ईशावास्य उपनिषदाचा दुसरा मंत्र शंभर वर्षे कर्म करीत जगण्याची इच्छा धरायला सांगतो आणि अशा माणसाला कर्म चिकटत नाही, असे आश्वासन देतो. गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या दहाव्या श्लोकात याला कमळाच्या पानाचा दाखला आहे. पान पाण्यातच असते, पण पाणी त्यावर टिकत नाही. तसा आसक्ती सोडून, कर्म ब्रह्माला अर्पण करून वागणारा माणूस पापाने माखत नाही. इथे लेप मनाचा आहे आणि त्यावरचा उपायही मनाचाच.

दाखला सुंदर असला तरी त्याला एक मर्यादा आहे. कमळाच्या पानावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, म्हणून पाण्याचा थेंब त्यावरून घरंगळतो. तेलाचा थेंब मात्र त्याच पानावर पसरतो. पाण्यापुरते निर्लेप असलेले पान तेलापुढे निर्लेप राहत नाही. तेव्हा तेलाच्या कामात मनाच्या अनासक्तीला आणखी कशाची तरी जोड लागते.

जैन तत्त्वज्ञानाने लेप अक्षरशः घेतला. तिथे कर्म हे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे एक प्रकारचे द्रव्यच आहे आणि ते जीवाला चिकटते. आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसार’ या ग्रंथात अंगाला तेल लावून धुळीच्या जागी व्यायाम करणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आहे. त्याच्या अंगावर धूळ बसते, ती व्यायामामुळे नव्हे तर अंगावरच्या तेलामुळे. तेल न लावता त्याच जागी तोच व्यायाम करणाऱ्याला धूळ चिकटत नाही. रागद्वेष हे ते तेल. या दर्शनाने सुटकेचा क्रमही सांगितला आहे: आधी संवर, म्हणजे नवे द्रव्य आत येणे थांबवायचे, मग निर्जरा, म्हणजे आधी चिकटलेले झाडून टाकायचे. हा क्रम उलटा केला तर झाडणे कधी संपत नाही.

धर्मशास्त्राने तिसरी वाट घेतली. त्याला मनाइतकीच भांडी, कपडे, धान्य आणि जमीन यांचीही काळजी होती. कोणती वस्तू कशाने शुद्ध होते, माती, राख, पाणी की ऊन, याची तपशीलवार प्रकरणे स्मृतींमध्ये आहेत आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात त्यांची छाननी केली आहे. या नियमांमध्ये दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सर्व शौचांमध्ये अर्थशौच, म्हणजे पैशाच्या व्यवहारातली शुद्धता, श्रेष्ठ ठरवले आहे. माती-पाण्याने धुतलेला माणूस तेवढ्याने शुद्ध होत नाही. त्याच अध्यायात कारागिराचा हात काम करताना नेहमी शुद्धच असतो, असेही म्हटले आहे. जुना फिल्टर पुसून परत बसवायचा आणि बिलात नवा लावायचा, हा साबणाने न जाणारा मळ आहे. आणि दिवसभर ग्रीसमध्ये बुडालेला मेकॅनिकचा हात या नियमाने शुद्ध आहे.

चौथे उत्तर गागोदे आणि रोहा इथल्या दोन विचारवंतांचे. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. चौथ्या अध्यायातल्या ‘विकर्म’ या शब्दाचा त्यांनी ‘विशेष कर्म’ असा अर्थ लावला. बाहेरच्या कृतीला आतल्या मनाची साथ मिळाली की ते विकर्म. ही साथ मिळाली की कर्माचे ओझे उरत नाही आणि त्याचे अकर्म होते. आठवल्यांनी त्याच दिशेने ‘कृतिभक्ती’ची कल्पना मांडली. त्यांच्या स्वाध्याय परिवारात कोळी पाळीपाळीने ‘मत्स्यगंधा’ नौकांवर जातात, शेतकरी ‘योगेश्वर कृषी’त ठरलेले दिवस राबतात आणि त्या कमाईवर कोणा एकाची मालकी नसते. माणूस देवाला आपले कौशल्य वाहतो. इथे कौशल्य हा शब्द महत्त्वाचा आहे: गबाळे काम वाहिले तर काय वाहिले?

फिल्टर काय धरतो, काय धरत नाही

चालत्या इंजिनात धातू धातूवर घासतो, इंधन जळते, धूळ आत येते. या सगळ्याचा गाळ तेलात उतरतो. फिल्टर म्हणजे बहुतेक गाड्यांमध्ये पत्र्याचा एक डबा असतो आणि त्यात घड्या घातलेला कागद. पंपाने ढकललेले तेल कागदातून गाळले जाऊन मधल्या भोकाने इंजिनात परत जाते. मोटारीच्या तेलगाळणीचे पहिले गाजलेले पेटंट अमेरिकेत १९२० च्या दशकात निघाले. फिरवून बसवायचा आणि पूर्णच टाकून द्यायचा डबा १९५० च्या दशकात आला.

डब्यात बहुधा दोन झडपा असतात. एक झडप इंजिन बंद झाल्यावर तेल मागे वाहू देत नाही. दुसरी बाह्यमार्गाची. कागद पूर्ण तुंबला तर ती उघडते आणि न गाळलेले तेलच इंजिनाला देते, कारण घाण तेलावर इंजिन काही काळ तगते, तेलाशिवाय काही मिनिटेही नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या अठ्ठेचाळिसाव्या श्लोकातला विचार या झडपेत दिसतो. अग्नीला धूर असतो तसा प्रत्येक आरंभाला काही दोष असतोच. म्हणून सदोष दिसले तरी वाट्याला आलेले काम टाकू नये.

फिल्टरच्या कागदाला पकडता येतात ते साधारणपणे काही दशक मायक्रॉनचे कण. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काजळीचे सुटे कण याहून कितीतरी बारीक असतात आणि ज्वलनातून येणारी आम्ले तर तेलात मिसळलेलीच असतात. ती फिल्टरमधून आरपार जातात. नवा फिल्टर लावूनही जुने तेल काळेच राहते, ते यामुळे. गाळणीने दिसणारा मळ निघतो, विरघळलेला मळ निघत नाही. त्यासाठी तेलच बदलावे लागते. म्हणून हे दोन्ही बहुधा एकाच वेळी केले जातात.

क्रम

पसारा होतो तो बहुतेक वेळा तेल बाहेर आल्यावर काय करायचे याचा विचार तेल बाहेर आल्यावर सुरू केल्यामुळे. तयारी हा या कामातला संवर. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना अडण लावून उभी करायची. गाडी उचलायची असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली जायचे नाही. भक्कम स्टँडचा आधार द्यायचा. खाली पुठ्ठा किंवा जुनी ताडपत्री, त्यावर रुंद तोंडाचे पसरट भांडे. भांडे गाडीतल्या तेलापेक्षा मोठे हवे. लहान पेट्रोल गाडीत तीन-साडेतीन लिटर तेल मावते, मोठ्या डिझेल गाडीत पाच-सहा लिटर किंवा जास्त. बाजूला चिंध्या, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, नरसाळे, नवा फिल्टर, ड्रेन नटाचा नवा वॉशर आणि सांडलेच तर तेल शोषायला भाताच्या गिरणीतले तूस किंवा करवतीचा भुसा. हातात रबरी मोजे, कारण वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली कर्करोगकारक संयुगे असतात.

तेल कोमट असावे. चार-पाच मिनिटे इंजिन चालवले की तेल पातळ होते आणि गाळासह नीट वाहते. फार तापवले तर हात भाजतो. वरचे झाकण सैल केले की हवा आत जाते आणि धार एकसारखी पडते. ड्रेन नट शेवटच्या आट्यांपर्यंत आत दाबून धरत फिरवायचा आणि मग एका झटक्यात बाजूला घ्यायचा. नाहीतर तेल नटावरून मनगटावर आणि मनगटावरून कोपरापर्यंत येते. धार तिरपी पडते आणि जोर ओसरल्यावर जवळ सरकते, म्हणून भांडेही सरकवावे लागते. थेंब थांबेपर्यंत वाट पाहायची. मग नव्या वॉशरसह नट बसवायचा.

आता फिल्टर. त्यात पाव लिटरच्या आसपास तेल अडकलेले असते आणि खरा पसारा याच तेलाचा होतो. फिल्टर आडवा असेल तर तेल त्याच्या काठावरून इंजिनाच्या अंगावर, दांड्यांवर, सायलेन्सरच्या नळीवर ओघळते. तापलेल्या नळीवर पडलेले तेल धूर करते आणि पेटूही शकते. त्यासाठी प्लॅस्टिकची बाटली उभी चिरून किंवा जाड पुठ्ठा दुमडून फिल्टरखाली पन्हळ धरायची आणि तिचे तोंड भांड्यात सोडायचे. फिल्टर पाव आटा सैल करून थांबायचे. थेंब संथ झाले की फिल्टरवर पिशवी चढवायची आणि पिशवीतूनच तो फिरवत काढायचा. निघाला की तोंड वर करून पिशवीतच ठेवायचा. हाताने सुटत नसेल तर पट्टा पाना लावायचा. फिल्टरमध्ये स्क्रू-ड्रायव्हर ठोकून फिरवण्याची युक्ती पत्रा फाडते, आणि मग तेल कुठून येईल याचा नेम राहत नाही.

जुन्या फिल्टरची रबरी कडी त्याच्यासोबत निघाली की इंजिनालाच चिकटून राहिली, हे बघायलाच हवे. जुन्या कडीवर नवी कडी बसली तर इंजिन सुरू होताच दाबाखाली तेल बाहेर फेकले जाते आणि आधीची सगळी काळजी वाया जाते. बसण्याची जागा पुसून नव्या कडीला नव्या तेलाचे बोट फिरवायचे. कडी टेकल्यावर हाताने साधारण पाऊण आटा पुढे. नेमका आकडा फिल्टरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पाना लावून आवळायचे नाही. पुढच्या वेळी तो सोडवणाऱ्याला झगडावे लागेल, आणि झगड्यात तेल सांडतेच. नव्या तेलासाठी नरसाळे, ठरल्याहून थोडे कमी, मग मोजपट्टी. इंजिन सुरू करून तेलाच्या दाबाचा दिवा विझतो का ते बघायचे, खाली वाकून गळती तपासायची, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पातळी परत मोजायची.

या क्रमात वैराग्याला वेगळी पायरी नाही, पण प्रत्येक पायरीवर ते लागते. थेंब थांबेपर्यंत थांबणे, पाव आट्यावर हात आवरणे, घट्ट करण्याचा मोह टाळणे हे सगळे फळाच्या घाईवर घातलेले लगाम आहेत. योग म्हणजे कर्मातले कौशल्य, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले विधान अनेकदा समत्वाकडे झुकवून सांगितले जाते. घाई करणारा हात तेल सांडतो, हे पाहिल्यावर कौशल्य आणि समत्व यांत निवड करण्याची गरज उरत नाही.

सांडले नाही, मग गेले कुठे

फरशी स्वच्छ राहिली म्हणजे काम निर्लेप झाले, असे म्हणता येत नाही. भांड्यात काळे तेल अजून आहे. ते गटारात ओतले तरी फरशी स्वच्छच राहील.

घाण म्हणजे अस्थानी पडलेली वस्तू, या व्याख्येची चर्चा ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मधल्या आपल्या ग्रंथात केली. तेल इंजिनात असते तेव्हा ते घाण नसते. तेच अंगणात पडले की घाण होते. त्यामुळे प्रश्न तेलाच्या योग्य स्थानाचा ठरतो, आणि पेण-रोह्याच्या भूगोलात त्याचे उत्तर लवकर मिळते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पेणची भोगावती धरमतरच्या खाडीकडे जाते. कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी मिळते, म्हणून ती उन्हाळ्यातही कोलाड, रोहा करत वाहते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. खाडीकाठी खारबंदिस्तीतली भातशेती आहे, मासेमारी आहे. जूनमध्ये गॅरेजच्या मागे ओतलेले तेल तिथेच राहत नाही. आणि खाडीचे पाणी भरतीला उलटे आत येते. एका गाडीचे वापरलेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी बिघडवू शकते, असा इशारा अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था देत आली आहे. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून किंवा सेंट्रिंगच्या फळ्यांना जळके ऑइल फासण्याची पद्धत काटकसरीची वाटते, पण फासलेले तेल पावसाने धुऊन पुन्हा त्याच वाटेने जाते.

भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. घरी तेल बदलणाऱ्याने ते झाकणाच्या डब्यात, पाणी किंवा डिझेल न मिसळता ठेवून, गोळा करणाऱ्या अधिकृत सेवा केंद्राकडे द्यावे. फिल्टरही तोंड खाली करून रात्रभर निथळू द्यावा आणि त्याच्यासोबत पोचवावा.

पेणला हा प्रश्न दुसऱ्या रूपात जुनाच ओळखीचा आहे. इथल्या गणपतीच्या कारखान्यांमध्ये मूर्ती घडवणाऱ्यांचे हात मातीने, प्लॅस्टरने, रंगाने माखलेले असतात आणि त्या माखण्याला कुणी अपवित्र म्हणत नाही. वाद विसर्जनापाशी सुरू होतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत त्याच्या मूर्तींना मनाई केली. मूर्तीची शुचिता घडवणाऱ्याच्या हातांवरून ठरत नाही. ती शेवटी पाण्यात काय उरते यावरही ठरते. तेलाला हाच न्याय लावावा लागतो.

हात कोणाचे

एक शेवटचा मुद्दा उरतो. स्वतः न माखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्याला माखायला लावणे. कोकणाच्या इतिहासात याची उदाहरणे आहेत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. महाड आताच्या रायगड, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही वापरून तळ्याची ‘शुद्धी’ केली. पाण्यात काहीही मिसळलेले नव्हते. विटाळ माणसाच्या जन्मात मानला होता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. कारागिराचा हात शुद्ध म्हणणाऱ्या ग्रंथाने त्याच कारागिराला आणि त्याच्याही खाली ढकललेल्यांना जन्मावरून कमी लेखले होते. हा विरोधाभास बाजूला ठेवून त्या ग्रंथातली शुचितेची वचने वापरता येत नाहीत.

काही वर्षांनी गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात मैला साफ करण्याचे काम स्वतःला मिळावे असा आग्रह धरला. तुरुंगाने ते काम जातीवरून वाटले होते. त्यांच्या मागणीसाठी डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनीही उपवास सुरू केला. पटवर्धनांचे म्हणणे मान्य केले, तर स्वच्छ राहण्याचा हक्क आणि घाण हाताळण्याची जबाबदारी वेगवेगळ्या माणसांना देता येत नाही. गॅरेजमध्ये गाडीखाली झोपणारा पोऱ्या मोज्यांशिवाय काम करत असेल, तर गाडीमालकाचा पांढरा सदरा निर्लेप ठरत नाही. फिल्टर स्वतः बदलावा की मेकॅनिककडून, हा सोयीचा प्रश्न आहे. मोजे, मोबदला आणि तेलाची विल्हेवाट यांची चौकशी करणे दोन्ही बाबतीत सारखेच लागू होते.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला गॅरेजांमध्ये पाने, हातोडे, जॅक धुऊन-पुसून मांडतात, त्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहतात. वर्षभर तेलात राहिलेल्या हत्यारांना त्या दिवशी देवाच्या जागी बसवले जाते आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेलात जातात. या प्रथेत शुचितेची कल्पना योग्य जागी आहे: मळ हा कामाचा भाग, तो वेळच्या वेळी काढायचा, आणि मळ लागला म्हणून हत्यार हलके मानायचे नाही.

एवढ्यावरून निर्लेप कर्माच्या तीन अटी मांडता येतात. मनाने घाई आणि हाव सोडलेली असावी, हे गीतेचे मागणे. चिकटण्याची वाट आधी बंद करून मग चिकटलेले काढावे, हा जैन विचारातला क्रम. आणि जे निघाले ते दुसऱ्याच्या अंगावर, दुसऱ्याच्या पाण्यात जाऊ नये, ही अट महाडने आणि रत्नागिरीने घातलेली. पहिल्या दोन अटी पाळल्या तर फरशी स्वच्छ राहते. तिसरी पाळली, तर मोजे काढल्यावर नखांत राहिलेली काळी रेघ लेप ठरत नाही.